इथं माणूस आहे

प्रिय सई,

तुझा निरोप काल ऑफिसातून येताना गाडीत ऐकला आणि घरी आल्यावर पुन्हा ऐकला. तासगावच्या गणपतीला जाताना सांगली स्टँडवर एसटी पुरती थांबायच्या आत काका पळत गेला, खिडकीतून रुमाल आत टाकला आणि निवांत परत येऊन तुमच्याबरोबर रांगेत उभा राहिला. तुम्ही धक्के खात चढलात, तर एवढ्या गर्दीत ती जागा रिकामी. रुमाल तसाच. तुझे प्रश्न तीन: रुमाल टाकला की सीट आपली कशी होते? कोणी तो उचलून फेकला तर? आणि हे फेअर आहे का? काका म्हणाला, "असंच असतं." आजी म्हणाली, "बापाला विचार तुझ्या, त्यानं लई जागा धरल्यात."

हे फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून पत्र. सुट्टीत तुझं मराठी वाचन गंजू नये हाही त्यात एक डाव आहे. अडलं तर आजीला विचार. (आई, तू आधी वाचून तिला सगळं सांगून टाकू नकोस.)

आजी म्हणाली ते खरं आहे. मी सहा-सात वर्षांचा असताना आमच्या घरात रुमाल मीच होतो. मे महिन्यात आजोळी, विट्याला जायचं असायचं. स्टँडवर गाडी वळण घ्यायला लागली की तुझे आजोबा मला बखोटीला धरून उचलायचे आणि खिडकीतून आत सोडायचे. खाली बाहेरची माणसं दाराशी रेटारेटी करत असायची आणि मी आत, तिघांच्या बाकड्यावर आडवा, हातपाय पसरून. कोणी टेकायला आलं की मला शिकवलेलं एकच वाक्य मी मोठ्यानं म्हणायचो, "इथं माणूस आहे!" बाकडं मोकळं दिसत असताना तिथं माणूस आहे असं म्हणायचं, आणि समोरच्या धिप्पाड मिशीवाल्यानं "बरं बाळ" म्हणून पुढं सरकायचं. मला तेव्हा यात काही विचित्र वाटलं नाही. तू विचारलंस तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

रुमालाचं शास्त्र काकाला ठाऊक आहे, फक्त त्याला सांगता येत नाही. रुमाल सीटवर उघडा पडला पाहिजे, खाली घरंगळला तर हक्क गेला. टोपी चालते, पिशवी चालते, छत्री चालते. वर्तमानपत्र टाकू नये, कारण शेजारचा ते उचलून वाचायला लागतो आणि मग ते कुणाचं होतं हे त्यालाही आठवत नाही. एका सीटवर दोन रुमाल पडले तर आधी कोणाचा, याची साक्ष मागच्या बाकावरची माणसं देतात. कंडक्टर यात पडत नाही, त्याला तिकिटं फाडायची असतात. आणि गाडी सुटेपर्यंत रुमालवाला आला नाही, तर रुमाल वरच्या फळीवर ठेवून देतात आणि कोणीतरी बसतं. रुमाल फेकून मात्र देत नाहीत. फळीवर ठेवतात.

आता मनानं आपल्या पिट्सबर्गच्या घराच्या तळघरात चल. वॉशिंग मशीनच्या मागे एक लोखंडी घडीची खुर्ची आहे. पिवळं रेक्झिन फाटलेलं, एका पायाचं रबर गेलेलं. मागच्या वर्षी तू ती कचऱ्यात टाकायला काढलीस आणि मी तुझ्यावर ओरडलो. कारण सांगितलं नव्हतं. ती खुर्ची म्हणजे काकाचा रुमाल आहे.

मी पिट्सबर्गला आलो २००९ च्या ऑगस्टमध्ये, तुझी आई आली डिसेंबरात. ग्रीनफिल्डमधल्या आताच्याच गल्लीत, पण तेव्हा भाड्याच्या वरच्या मजल्यावर. पुढच्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी बर्फ पडायला लागला तो शनिवारी थांबला, तोवर २१ इंच झाला होता. म्हणजे तुझ्या तेव्हाच्या बाबाच्या गुडघ्याच्याही वर. मोठे रस्ते साफ झाले, आमच्या चढावरच्या गल्लीत बर्फ काढायची गाडी यायला काही दिवस लागले. मंगळवारी मी माझी जुनी गाडी चाकं गरगर फिरवत, शेजाऱ्यांच्या अंगावर चिखल उडवत बाहेर काढली आणि कामावर गेलो. संध्याकाळी परत येतो तर दोन्ही बाजूंना कंबरेएवढे बर्फाचे ढीग, आणि मधे एकच सुंदर, चौकोनी, खरवडून काढलेली मोकळी जागा. जागेच्या मधोमध एक फाटकी पिवळी खुर्ची.

मला वाटलं कोणीतरी भंगारात टाकलीय. अमेरिकेत लोक चांगल्या चांगल्या वस्तू रस्त्यावर टाकून देतात हे मित्रांकडून ऐकलं होतं, क्षणभर घरी न्यावी असंही मनात आलं. मग ती उचलून फुटपाथवर ठेवली, गाडी लावली आणि तुझ्या आईला वर जाऊन सांगितलं की आज नशीब जोरावर आहे.

सकाळी गाडी दिसेना. जिथं लावली होती तिथं एक पांढरी टेकडी होती. कोणीतरी रात्रीतून आजूबाजूचा सगळा बर्फ परत गाडीवर चढवला होता, आणि नुसता टाकला नव्हता, फावड्यानं शेणी थापाव्यात तसा थापून गुळगुळीत केला होता. काच फुटली नव्हती, ओरखडा नव्हता. टेकडीच्या माथ्यावर ती पिवळी खुर्ची ठेवली होती, व्यवस्थित, गल्लीकडे तोंड करून.

मी तिथं उभा राहून मराठीत जे बोललो ते तुला लिहून पाठवणार नाही. समोरच्या घराचं दार उघडलं आणि हातात कॉफीचा मग घेतलेले एक आजोबा पायरीवर आले. हो, तेच, आपले समोरचे आजोबा. केस तेव्हा निम्मे काळे होते. त्यांनी बराच वेळ मला बघून घेतलं आणि म्हणाले, "तू इथला दिसत नाहीस." मग सांगितलं, शांतपणे: त्या जागेवरचा बर्फ काढायला त्यांना अडीच तास लागले होते आणि गुडघा एकच धड होता. हा माणूस होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात काम केलेला. आपण खरेदीला, सिनेमाला जातो ना, जिथं उंच चिमण्यांची ओळ नुसतीच उभी आहे, तिथं तो कारखाना होता. १९८६ मध्ये बंद झाला.

मला राग आला होता, लाजही वाटत होती, आणि दोन्हीपेक्षा जास्त थंडी वाजत होती. माझ्याकडे फावडंही नव्हतं. ते आत गेले आणि त्यांचंच फावडं घेऊन आले. मला दिलं. मग पायरीवर उभं राहून मी कसा चुकीचा उपसतोय ते सांगत राहिले, पाठ वाकवू नको, गुडघे वाकव, एवढा मोठा घास घेऊ नको. दुपारपर्यंत त्यांची जागा मोकळी झाली, मग मी माझी काढली. संध्याकाळी आईनं डब्यातून रव्याचे लाडू पाठवले. चार दिवसांनी डबा परत आला तो घरच्या कुकीजनी भरून. रिकामा डबा परत करायचा नाही हे त्यांना कोणत्या आजीनं शिकवलं होतं देव जाणे.

त्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा खुर्ची मला दिली. "आता तुझी," एवढंच म्हणाले.

आता तुझा पहिला प्रश्न. रस्ता सरकारचा आहे. खुर्ची ठेवून त्यावर मालकी सांगायला कायद्यात काडीचा आधार नाही, जसा रुमालाला एसटीच्या नियमांत नाही. तरीही आपल्या गल्लीत बर्फ पडल्यावर कोणी खुर्ची हलवत नाही. ही काही फक्त पिट्सबर्गची युक्ती आहे असं समजू नकोस. शिकागोत आहे, बॉस्टनमध्ये आहे, आणि तिथंही प्रत्येक मोहल्ल्याचे नियम वेगळे. पण आपल्याकडे ती इतकी मुरली आहे याला या गावाची ठेवणही कारण आहे. आपली गल्ली बघ. घरं मोटारी यायच्या आधीची, एकमेकांना चिकटून, गॅरेज कुणाला नाही. टेकड्या इतक्या की कित्येक ठिकाणी नकाशावर रस्ता दिसतो आणि प्रत्यक्षात तिथं पायऱ्या असतात. आठवतं, मी नकाशा बघून गाडी घातली होती आणि समोर जिना आला होता? तो कागदोपत्री रस्ताच आहे. असे शेकडो जिने आहेत गावात. डोंगर चढायला रुळावरच्या तिरक्या गाड्या होत्या, त्यातल्या दोन उरल्या, १८७० ची आणि १८७७ ची, आणि पाहुणे आले की आपण त्यात बसतो. टेकड्या, दऱ्या आणि नद्यांनी गावाचे तुकडे पाडले, पूल बांधून ते टाचले. पूल ४४६ सांगतात. मोहल्ले अधिकृतपणे ९०. प्रत्येकाला आपली बेकरी, आपलं चर्च, आपली भांडणं. सांगली हे नाव 'सहा गल्ली'वरून पडलं असं लोक म्हणतात. मग आपण नव्वद गल्लीत राहतो.

तू काकूला म्हणालीस म्हणे की सांगली 'छोटं गाव' आहे आणि पिट्सबर्ग 'सिटी'. काकूनं ऐकून घेतलं, मी घेणार नाही. २०११ च्या जनगणनेत सांगली, मिरज, कुपवाड मिळून पाच लाखांवर माणसं होती. पिट्सबर्ग शहरात २०२० मध्ये तीन लाख तीन हजारही नव्हती. उपनगरं धरली तर आपण वीस लाखांच्या पुढे जातो ते खरं, पण शहर म्हणशील तर काकूचं मोठं. आणि आपलं आकसत आलंय. १९५० मध्ये इथं पावणेसात लाख लोक होते. पोलाद गेलं तसे तरुण गेले, जसे सांगलीचे पुण्याला जातात. मागे राहिले ते म्हातारे, आणि मग हॉस्पिटलं आणि विद्यापीठं वाढली तसे आमच्यासारखे आले. गावातल्या सगळ्यात उंच, पोलाद कंपनीच्या नावाच्या इमारतीवर आता हॉस्पिटलची अक्षरं झळकतात. तू ती रोज बघतेस, म्हणून तुला त्यात काही वाटत नाही.

अशा मधल्या आकाराच्या गावात राहण्याची गंमत आणि जाच एकच आहे. माणूस पुन्हा भेटतो. जायंट ईगल सुपरमार्केटमध्ये भाजी घेताना तुझी गणिताची बाई भेटते, दाताच्या डॉक्टरकडे माझा बॉस. मुंबईत सिग्नलवर कोणाशी भांडलं तर तो मरेस्तोवर पुन्हा दिसत नाही. इथं तो पुढच्या आठवड्यात मुलीच्या वाढदिवसाला केक कापताना समोर उभा. आपल्या मंडळात दोन घरांचं सहा वर्षं बोलणं नाही, नावं तुला माहीत आहेत, आणि दोघं एकाच कार्यकारिणीत आहेत, कारण दुसरी कार्यकारिणी काढायला पुरेशी माणसंच नाहीत.

म्हणून रुमाल उचलून फेकला तर काय, याचं उत्तर असं की काहीच होत नाही. पोलीस येत नाहीत. फेकणारा बसतो. पण तासगाव येईपर्यंत बसमधली साठ माणसं त्याच्याकडे बघत असतात, आणि उद्या त्यालाही रुमाल टाकायचा असतो. समोरचे आजोबा मला काही न बोलता पोलिसांकडे गेले असते तर मला दंड झाला नसता, त्यांना मात्र कोणी विचारलं असतं, खुर्ची रस्त्यावर ठेवलीच का. त्यांनी बर्फ थापला. त्या टेकडीकडे गल्लीतल्या प्रत्येकानं येता-जाता बघितलं. पुढचे दोन आठवडे लोक मला ओळखायला लागले, "तो खुर्चीवाला" म्हणून. मजा म्हणजे त्याआधी सहा महिने मला कोणी ओळखत नव्हतं.

असे न लिहिलेले नियम इथं बरेच आहेत आणि मी सगळे आपटूनच शिकलो. सिग्नल हिरवा झाला की समोरचा पहिला डावीकडे वळणारा आधी जातो, सरळ जाणारा त्याला जाऊ देतो. रस्ते अरुंद, वळायला वेगळी लेन नाही, तो अडकला तर मागचे सगळे अडकतील. पुस्तकात हे चूक आहे, परीक्षेत असं केलंस तर नापास होशील. पत्ता सांगताना लोक जे नाही त्याच्यावरून सांगतात, "पूर्वी आयझलीचं आइस्क्रीमचं दुकान होतं ना, तिथून उजवीकडे". मी नवा होतो तेव्हा वैतागायचो. मग आठवलं, आजी अजून "टॉकीज होतं तिथनं आत" असंच सांगते, आणि ते टॉकीज पडलं तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. इथले जुने लोक दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्याला 'नेबी' म्हणतात. चोंबडा याला याहून चांगला शब्द मला इंग्रजीत सापडलेला नाही.

आता फेअर. यावर मी दोन दिवस विचार केला आणि माझं मत असं आहे की पुरतं नाही. रुमाल टाकायला पळता आलं पाहिजे, हात खिडकीपर्यंत पोचला पाहिजे. डोक्यावर बोचकं घेतलेली म्हातारी रुमाल टाकू शकत नाही. आता तिला तिकिटात सवलत मिळते, चांगलंच आहे, पण सवलतीनं बसायला जागा मिळत नाही. खुर्चीचंही तेच, फावडं मारण्याचं बळ असेल त्याची जागा. विट्याच्या गाडीत मी तीन सीटा धरायचो, आणि मग बहुतेक वेळा आजोबा उभे असायचे. कुणीतरी लेकुरवाळी नाहीतर म्हातारी त्यांच्या जागेवर बसलेली असायची. मला भयंकर राग यायचा. मी एवढा आडवा पडून धरलेली जागा! बहुतेक वेळा म्हणतोय, कारण कधीकधी ते नुसते खिडकीबाहेर बघत बसायचेही. माणूसच होते.

तू बघितलंस की नाही ठाऊक नाही, पण बर्फ पडला की मी दोन जागा काढतो. एक आपली. दुसरी समोर, जिथं आता गाडीच नाही, पण शनिवारी त्यांची मुलगी येते तिला लावायला. तिथं ठेवायला आपल्याकडची निळी प्लास्टिकची खुर्ची असते. पिवळी आपल्या जागेत.

अपवाद म्हणून एक सांगतो आणि तुझ्या आईला दाखवू नकोस. मंडळाच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये नाच-गाणी असतात, तेव्हा पहिल्या तीन रांगांवर जाकिटं, ओढण्या, पर्स, एकदा तर नुसती टिश्यूची खोकी टाकून ठेवलेली असतात. धरणारी एक, येणारे चौदा, तेही आरतीनंतर. याला मी रुमाल म्हणत नाही. रुमालामागे माणूस पळत आलेला असतो, खुर्चीमागे अडीच तास फावडं असतं. ओढणीमागे काय असतं? मागच्या वर्षी मी तिसऱ्या रांगेतली एक ओढणी उचलून वर ठेवली आणि बसलो. गेलं वर्षभर एक मावशी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. पण मधल्या आकाराचं गाव आहे, दिवाळीला पुन्हा एकाच पंगतीत बसायचंय. ऑगस्टमध्ये तू आलीस की नाचाची तालीम त्यांच्याकडेच आहे, तेव्हा माझं नाव काढू नकोस.

कृष्णेला पाणी किती आहे ते कळव. पाऊस जोरात असेल तर काकाबरोबर आयर्विन पुलावर जाऊन फुटाची पट्टी बघून ये. २०१९ ला ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती आणि आजी तीन दिवस गच्चीवर होती, तिला विचार, ती रंगवून सांगेल. आपल्याकडे १९३६ मध्ये नदी ४६ फुटांवर गेली होती, त्या पाण्याची गोष्ट समोरच्या आजोबांना त्यांच्या आईकडून आलेली आहे. ते ती दर मार्चला सांगतात आणि दर वर्षी पाणी थोडं वाढतं.

येताना भडंगाची पाकिटं जास्त आण. दोन आपल्याला, दोन समोर. त्यांना तिखट झेपत नाही, डोळ्यांतून पाणी येतं, तरी मागतात. त्यांचा डबा आपल्याकडे मे महिन्यापासून पडून आहे.

तुझा,
बाबा